आरशावरचं नाव

"आरसा माझा नाही! ऐकताय काय रे? आरसा माझा नाही!"

भर मे महिन्यात, दुपारी साडेबाराच्या उन्हात, आमच्या चाळीच्या गच्चीवर उभा राहून यशवंत घाडीगावकर बेंबीच्या देठापासून ओरडत होता, आणि त्यातलं एक अक्षर कोणी ऐकत नव्हतं. गच्चीवर साठ-सत्तर माणसं होती. (एरवी मी पाचशे सांगतो, पण हे छापून यायचं आहे, आणि चाळीतली माणसं पुरवणी वाचतात.) सगळ्यांच्या माना खाली. वर्षातून दोनदा मुंबईत सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि एक-दोन मिनिटं माणसाची सावली त्याच्याच तळव्याखाली जाऊन बसते, त्यातला हा मे महिन्यातला दिवस. हा सोहळा चाळीत सुरू केला तो यशवंतनेच. जो तो आपल्या पायांचे फोटो काढत होता. "गेली, गेली!" "माझी अजून आहे!" "पोट आत घे, मग जाईल!" या कल्लोळात यशवंत टाकीजवळ उभा राहून हात उंच करून सांगत होता, "हिने केलाय! सुमनने! पंचवीस वर्षं मी..." आणि पुढचं टाळ्यांत बुडालं, कारण नेमकी तेव्हाच सगळ्यांची सावली एकदम गेली.

सुमनवहिनी, म्हणजे त्याची बायको, कठड्यापाशी वाळत घातलेल्या आमसुलांवरचं फडकं सारखं करत होत्या. त्यांनी मान वर केली नाही. पाच आठवड्यांनी यशवंत गेला. त्याचा तो मोठा आवाज मी त्या दुपारनंतर ऐकला नाही, आणि तेव्हाच गच्चीवर आणखी एक गोष्ट झाली, ती मी आजवर कोणाला सांगितलेली नाही. माझ्यासारख्या माणसाने एखादी गोष्ट सांगितलेली नाही, यावरूनच काय ते समजा.

यशवंत आणि मी एकाच वर्षी एकाच चाळीत जन्मलो; तो तिसऱ्या मजल्यावर, मी दुसऱ्या, बरोबर त्याच्या खालच्या खोलीत. त्यामुळे त्याचं सगळं आयुष्य माझ्या डोक्यावरून गेलं. गिरणीत तो फिटर होता. गिरणी बंद पडल्यावर एका कॉलेजच्या भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत मदतनीस म्हणून लागला, आणि तीन वर्षांत प्राध्यापकांना ग्रह-तारे शिकवायला लागला. अंगाने आडवा, आवाज भोंग्यासारखा. तो 'मी' म्हणाला की करी रोडच्या पुलावरची कबुतरं उडायची. आणि त्याला एक खोड होती. भांड्यांवर नाव घालून घ्यायची रीत आपल्याकडे घरोघरी आहे. लग्नामुंजीत दिलेल्या पेल्यावर देणाऱ्याचं नाव असतंच. यशवंतने ती रीत घरभर पसरवली. पेले, डबे, बादली, हातोडी, शिडी... जिथे हात लावाल तिथे 'य. रा. घाडीगावकर, लालबाग'. कुकरच्या शिट्टीवर पूर्ण नाव मावेना, तर नुसतं 'य. रा.' घालून घेतलं. माझ्या मुलीच्या लग्नात त्याने पाण्याचं पिंप दिलं, त्यावर नाव एवढं मोठं, की माहीमला तिच्या सासरी पहिला आठवडा शेजारीपाजारी तिला घाडीगावकरांचीच मुलगी समजत होते. मी तक्रार केली तर म्हणाला, "मेल्या, तुझं नाव कोण वाचणार?"

अशा माणसाने दुर्बीण करायची ठरवली. दुर्बिणीचा जीव तिच्या आरशात असतो, आणि तो आरसा हाताने घासून करता येतो हे तो कॉलेजात शिकून आला. सहा इंची जाड काचेच्या दोन चकत्या. एक पिंपावर पक्की बसवायची, तिच्यावर पाणी आणि कार्बोरंडमची पूड, वर दुसरी चकती, आणि मग ती पुढे-मागे सरकवत पिंपाभोवती चालत राहायचं. वरची काच हळूहळू मध्ये खोल होते, खालची फुगते. आधी जाड पूड, मग बारीक, मग त्याहून बारीक, शेवटी डांबराच्या थरावर पॉलिश. महिनोन् महिने जातात. यशवंतने वाळू भरलेलं पिंप खोलीच्या मधोमध ठेवलं आणि तो पाच दिवस चालला. सहाव्या दिवशी त्याने खांदा धरला, काच फडक्यात गुंडाळली आणि "दिवाळीच्या सुट्टीत बघू" म्हणाला.

मी तेव्हा माझगावला गोदीत रात्रपाळीला होतो, दुपारी झोपायचो. दुसऱ्या दिवसापासून दुपारी दोनला, यशवंत कॉलेजात असताना, माझ्या डोक्यावर पावलं फिरायला लागली. हलकी, एकसारखी, आणि त्यांच्याबरोबर तो आवाज... कर्र, कर्र, कर्र... जणू कोणी खूप लांबून दात खातंय. आठ महिने हे चाललं. माझ्या अंदाजाने त्या आठ महिन्यांत सुमनवहिनी त्या दहा बाय बाराच्या खोलीतून काश्मीरपर्यंत जाऊन आल्या असतील, आणि वाटेत एकदाही दूध उतू जाऊ दिलं नाही. बायकांना वाटलं, घरात औदुंबर ठेवून प्रदक्षिणा चालल्यात. एकीने विचारलं, "कसलं व्रत हो सुमनताई?" वहिनी म्हणाल्या, "काचेचं."

आरसा जमला की नाही हे शेवटी ब्लेडच्या धारेने तपासतात. खिडक्या लावून अंधार करायचा, दिव्याचा एक ठिपका आरशात पाडायचा आणि डोळ्यासमोर ब्लेड हळूहळू सरकवायचं. आरशावर एका बाजूने सावली चालत आली, तर काच अजून कुठेतरी उंचसखल आहे. सगळा आरसा एका श्वासात करडा होऊन विझला, तर साधलं. त्या रविवारी यशवंतने डोळा लावला आणि आरसा एकदम विझला. त्याने मारलेली उडी माझ्या छताला जाणवली. "साधला!" तो ओरडला. "मला साधला!" वहिनींनी खिडक्या उघडल्या आणि भात टाकला.

पॉलिश झालेली ती चकती घेऊन यशवंत बाजारात गेला, भांड्यांवर नावं घालणाऱ्या कारागिराकडे. कारागिराने विचारलं, कुठल्या बाजूला घालू? "हे काय विचारणं झालं? दिसेल अशा बाजूला," यशवंत म्हणाला आणि चहा प्यायला गेला. त्या बिचाऱ्याने आयुष्यभर भांड्यांची चकचकीत बाजूच पाहिलेली. त्याने त्याच बाजूला, जिथे तारे दिसायचे तिथे, बरोबर मधोमध, झोकदार अक्षरांत कोरलं... य. रा. घाडीगावकर. यशवंत परत आला, बघितलं, घटकाभर त्याचा चेहरा पडला. पण मग म्हणाला, चांगलं दिसतंय. घरी वहिनींनी आरसा हातात घेतला, नावावरून अंगठा फिरवला आणि तसाच परत दिला. मी तिथे होतो. वरून ॲल्युमिनियमचा मुलामा चढला, दुर्बीण उभी राहिली, आणि चाळीने शनीची कडी पाहिली.

आता माझी बाजू सांगतो, ती बरी नाही. आरसा कोणी घासला हे त्या दोघांना सोडून फक्त मला ठाऊक होतं, कारण मी त्या पावलांच्या खाली झोपत होतो. पण यशवंतच्या गोष्टीला माझ्या तोंडात जी रंगत यायची ती वहिनींच्या गोष्टीला कुठली यायला! मी सांगत सुटलो, की गड्याने गिरणीतल्या लोखंडी हातांनी वर्षभर काच घासली, बोटांची कातडी गेली, आणि पुनवेला दुर्बिणीतून बघितलं तर चंद्रावर त्याचं नाव वाचता येतं. डिलाईल रोडपासून गिरगावपर्यंत ही गोष्ट मी पोचवली. वर्तमानपत्रात त्याचा फोटो आला. त्यात दुर्बीण होती, यशवंत होता, मीसुद्धा होतो, आणि कडेला चहाच्या ट्रेबरोबर वहिनींचं कोपर आलं होतं.

मग भाषणं सुरू झाली. त्याचं गाजलेलं भाषण म्हणजे 'ताऱ्याचा मृत्यू'. तारा म्हणजे काय, तर स्वतःच्या वजनाखाली आत आत दबू पाहणारा गोळा. आत जे जळतं त्याची आच त्याला फुगवून धरते. हायड्रोजन जळतो, मग हेलियम, मग एकेक जड पदार्थ. मोठ्या ताऱ्याच्या पोटात शेवटी लोखंड होतं. इथे यशवंत टेबलावर मूठ आपटायचा. "लोखंड! लोखंड जाळून ताऱ्याला काही मिळत नाही. झालं! एका सेकंदाच्या आत पोट कोसळतं!" पुढच्या रांगेतली माणसं सेकंदभर खरोखर पोट धरायची. शेवटी तो म्हणायचा, "तुमच्या रक्तातलं लोखंड तिथून आलंय, विसरू नका," पण ते अशा थाटात की त्यानेच पोचवलंय.

हे पंचवीस वर्षं चाललं. मग गेल्या दिवाळीनंतर एका संशोधन संस्थेतल्या बाई दुर्बीण बघायला आल्या. पांढरे केस बारीक कापलेल्या, शांत बाई. आरशाचा मुलामा जुना होऊन उतरत होता, म्हणून यशवंतने आरसा बाहेरच काढून ठेवला होता. बाईंनी तो खिडकीपाशी तिरपा धरून बराच वेळ पाहिला.

"हात फार चांगला आहे," त्या म्हणाल्या. "कोणी घासला?"

"मी," यशवंत म्हणाला.

वहिनी चहा ठेवत होत्या. कपबशीचा आवाजसुद्धा झाला नाही.

"आणि हे नाव?"

"त्याने काही बिघडत नाही. चंद्रावर दिसतं म्हणून हा आमचा बाळू सांगत फिरतो, पण दिसत नाही कधी." यशवंतने माझ्याकडे बोट दाखवलं.

"नाही, दिसणार नाहीच," बाई म्हणाल्या. "आरशाचा प्रत्येक तुकडा अख्खं चित्र तयार करतो, त्यामुळे त्यावरचा ओरखडा चित्रात येत नाही. फक्त तेवढा उजेड कमी होतो."

बाई चहा पिऊन गेल्या. यशवंतचा चहा तसाच राहिला. त्यावर साय धरली, आणि तो त्या सायीकडे बघत बसला होता. मी दोन विनोद केले, तिसराही केला. त्याला ऐकू आले नाहीत.

त्यानंतर महिनाभर वर शांतता होती. मग एका दुपारी तो जुना आवाज पुन्हा सुरू झाला, कर्र, कर्र... पण पावलांशिवाय. एका जागी बसून. मी वर गेलो तर यशवंत जमिनीवर मांडी घालून बसला होता, समोर भांड्यांची रांग, हातात ओली चिंधी, चिंधीवर तीच कार्बोरंडमची पूड. तो पेल्यांवरून स्वतःचं नाव घासून काढत होता. पेले झाले, डबे झाले, बादली झाली. शिडीवरचं, हातोडीवरचं, शिट्टीवरचं 'य. रा.' गेलं. दारावरच्या पाटीच्या जागी चार भोकं राहिली. मग तो घरोघरी जायला लागला. "तुमच्याकडचा तो डबा जरा द्या," म्हणायचा आणि दोन दिवसांनी गुळगुळीत करून परत आणून द्यायचा. माहीमला जाऊन माझ्या मुलीच्या स्वयंपाकघरात अर्धा दिवस बसला आणि पिंपावरचं नाव काढून आला. तिने फोन केला. म्हणाली, "बाबा, काका बोलले नाहीत काहीच. पण नाव होतं ना, तिथे हात लावला की गार लागतं. बाकीचं पिंप कोमट." मी म्हटलं, तू माझी मुलगी शोभतेस. पण मग मी माझ्याकडचा डबा उन्हात ठेवून बघितला. चांगला तापला. आणि मधोमध, बोटभर लांबीची पट्टी, गार होती.

हळूहळू एक विचित्र गोष्ट व्हायला लागली. माणूस समोर असून दिसेना. गॅसवाला त्याच्याच दारात त्यालाच विचारायचा, घाडीगावकर कुठे राहतात? खालचा वाणी रांगेत त्याच्या पुढचा आणि मागचा अशा दोघांना सामान द्यायचा आणि मग दचकायचा. मी, ज्याला त्याचा खोकलासुद्धा नाक्यावरून ओळखू यायचा, जिन्यात एकदा त्याच्या अंगावरूनच गेलो. वरच्या पायरीवर पोचल्यावर माझ्या लक्षात आलं की भिंतीला कोणीतरी टेकून उभं होतं. मी मागे वळलो. "यशा?" तो तिथेच होता. "जा, जा," म्हणाला. "वाट करून दिली तुला." जन्मात या माणसाने कोणाला वाट दिली नव्हती.

मी त्याला गॅलरीत गाठलं. म्हटलं, डॉक्टरला दाखव. तो हसला, पण आवाज न करता.

"बाळ्या, तारा कोसळतो ना, ते बाहेर लगेच कळत नाही, हे भाषणात मी कधी सांगितलं नाही. पोट सेकंदात जातं. पण तो धक्का वरपर्यंत यायला काही तास लागतात. तोवर बाहेरून तारा जसाच्या तसा. तेवढाच मोठा, तेवढाच झगझगीत. बघणाऱ्याला वाटतं, काय तेज आहे... आणि आत काहीच नसतं."

"मग तू कोसळलास म्हणतोस?"

"त्या बाईंना 'मी' म्हणालो ना, तेव्हा. आयुष्यभर तोच शब्द जाळत आलो रे. म्हटलं की ऊब यायची. त्या दिवशी म्हटलं, आणि काही आलंच नाही. लोखंड." त्याने छातीवर हात ठेवला. आणि भर दुपारी मला खरंच बारीक ठण्ण असं ऐकू आलं. सोडा, त्याच्या हातात रिकामा पेला होता म्हणून समजा.

"मग सांगून टाक लोकांना, आरसा वहिनींनी केला म्हणून."

"सांगणार. पण नाव आरशावर ठेवून कसं सांगू? आणि ते खोल गेलंय. नुसतं नाव निघत नाही, बाळ्या. सगळा आरसाच पुन्हा घासायला लागतो, पहिल्या जाड पुडीपासून. माझं नाव काढायचं तर तिचे आठ महिने पुसायला लागतात. आणि पुढचं काम मला येत नाही. तिलाच येतं."

"विचारलंस तिला?"

त्याने गॅलरीचा कठडा धरला. मग म्हणाला, "भ्या वाटता." गिरणीत चालू पट्ट्यात हात घालणारा माणूस, माझ्यासमोर बायकोला घाबरतो म्हणून कबूल करत होता. मी हसलो नाही, याची नोंद व्हावी.

कधी विचारलं, काय बोलणं झालं, मला माहीत नाही. एका सकाळी वरून पिंप सरकवल्याचा आवाज आला, एवढंच. आणि दुपारी दोनला पावलं सुरू झाली. पुढे जड पावलं, मागे हलकी. खिडकीतून वहिनींचा आवाज खाली यायचा. "दाबताय कशाला? काचेचं वजन आहे तेवढं पुरे." ... "घाई कोणासाठी?" ... "अहो, काच काचेला घासते. तुम्ही फक्त चाला." एकदा यशवंतने विचारलेलं मी ऐकलं, गोल जमतोय की नाही कळणार कसं? वहिनी म्हणाल्या, "दोन काचा सगळ्या बाजूंनी एकमेकींना लागायच्या तर गोलच व्हावं लागतं त्यांना. आपण मध्ये आलो नाही की झालं." मी कॉटवर पडून हे ऐकायचो. मला वाटतं त्या तीन-चार महिन्यांत मी जेवढा गप्प बसलो तेवढा बारशापासून बसलो नव्हतो. आणि एक गोष्ट हळूच माझ्या लक्षात आली. फाल्गुनात जड पावलं कोणाची, हलकी कोणाची, हे सांगता येत होतं. चैत्र संपेपर्यंत दोन्ही सारखीच हलकी झाली. वर दोन माणसं चालतायत हे कळायचं. कुठलं कोण, ते नाही.

अक्षय्य तृतीयेच्या सुमारास मी वर गेलो. नाव निघालं होतं. आरसा आता बारीक घासलेला, पॉलिश न झालेला, म्हणजे धुक्यासारखा पांढुरका होता. आंधळ्या डोळ्यासारखा. "बघ," यशवंत म्हणाला. मी वाकून बघितलं. आरसा म्हणायचा आणि त्यात माझा चेहरा नाही. "काही दिसत नाही." "असा नाही. खाली ये. कडेशी डोळा आण." मी गुडघे टेकले, काचेच्या कडेला गाल लावला, तेव्हा एकदम त्या धुक्यावर समोरची खिडकी उमटली, लालसर, संध्याकाळ झाल्यासारखी. एवढी बारीक झालेली काच पूर्ण वाकलेल्या माणसालाच काहीतरी दाखवते. त्यात जादू नाही, प्रकाशाचा नियम आहे, असं त्याने सांगितलं. ते सांगताना तो त्या खिडकीसमोरच उभा होता. मला खिडकीचे गज दिसले, बाहेरची समोरच्या टॉवरची क्रेन दिसली, खिडकीतली तुळस दिसली. यशवंत दिसला नाही. मी मान वर केली, होता. पुन्हा गाल टेकवला... गज, क्रेन, तुळस.

मग आला तो गच्चीवरचा दिवस, जिथून मी सुरुवात केली. दरवर्षी यशवंत गच्चीवर आपले नाव घातलेले पेले उपडे मांडायचा, सावली कशी जाते ते दाखवायला. यंदाही मांडले, पण कोरे. त्याने तो एक-दोन मिनिटांचाच मुहूर्त निवडला होता. सगळी चाळ एका जागी मिळते ती तेव्हाच. पण सगळी चाळ त्या मिनिटाला आपल्या स्वतःच्या पायांकडे बघते, हे त्याच्या ध्यानात आलं नाही. मी सोडून, आणि कदाचित वहिनी सोडून, त्याचं ओरडणं कोणी ऐकलं नसावं. माझं म्हणाल तर मी पुढे होऊन ओरडू शकलो असतो, माझा आवाज त्याच्यापेक्षा लहान नाही. मी तोंड उघडलंसुद्धा. पण मग मला गावभर पसरवलेल्या माझ्या गोष्टी आठवल्या, आणि मी ते मिटलं.

दोन मिनिटांनी सूर्य कलला. पेल्यांच्या बुडाशी काळी रेघ उमटली, मग चंद्रकोर. माणसांच्या टाचांपासून सावल्या निघायला लागल्या. माझीही आली, पोटासकट. लोक उतरायला लागले. यशवंत टाकीजवळ तसाच उभा होता आणि त्याच्या पायांशी लख्ख उजेड होता. मी घड्याळ बघितलं. पाच मिनिटं झाली, दहा झाली. शेजारच्या काठीची सावली चांगली चार बोटं लांबली. त्याच्या चपलांच्या भोवती काही नाही. माझा जावई म्हणतो, टाकीची सावली त्याच्यावर पडली असेल. पण टाकीची सावली अजून टाकीखालीच होती. यशवंतने माझ्याकडे बघितलं, मग स्वतःच्या पायांकडे. घाबरला नाही. ओझं उतरवल्यावर हमाल जसा खांदा हलवून बघतो, तसा त्याने एक खांदा हलवला आणि वहिनींच्या हातातलं आमसुलांचं ताट घेऊन खाली गेला.

जूनमध्ये एका दुपारी तीनच्या सुमाराला वरची पावलं थांबली. थांबायचीच कधी कधी, पूड बदलायला. मी पुढच्या फेरीची वाट बघत पडलो होतो. फेरी आली नाही. मी वर गेलो तेव्हा वहिनी मोरीतून हात पुसत बाहेर येत होत्या आणि यशवंत पिंपाशेजारच्या स्टुलावर, तळहात काचेवर ठेवून बसलेला होता, जणू ती तापलीय का ते बघतोय. चाळीच्या फळ्यावर पोरांनी खडूने 'कै. यशवंत रामचंद्र घाडीगावकर' लिहिलं. रात्री फळा गळतीखाली आला. पुन्हा लिहिलं, पुन्हा पुसलं गेलं. तिसऱ्यांदा फळा आत घेतला, पण तोवर खडू संपला होता.

म्हणून इथे लिहितो, छापलेलं पाण्याने जात नाही. तो आरसा सुमन यशवंत घाडीगावकर यांनी घासला. पहिल्या वेळी एकटीने, दुसऱ्या वेळी नवऱ्याला हाताशी घेऊन. चंद्रावरच्या नावाची गोष्ट मी रचली होती. त्यातलं निम्मं नव्हे, सगळं सोडून द्या.

जुलैच्या शेवटी सूर्य पुन्हा माथ्यावर येतो, पण तेव्हा ढग असतात, म्हणून तो दिवस कोणी पाळत नाही. परवा मी एकटाच गच्चीवर गेलो. आभाळ भरलेलं. टाकीला सावली नाही, काठीला नाही, मला नाही. पाच मिनिटं उभा राहिलो आणि उतरलो, तर तिसऱ्या मजल्यावर तो आवाज. कर्र, कर्र. यशवंतचं दिवसपाणी, तेरावं झाल्यावर पुन्हा सुरू झालेला तो मी खालून ऐकला होता. वहिनी आहेत, चालू दे म्हटलं होतं. पण आता दाराशी उभं राहून ऐकताना कळलं, की पावलं दोघांची आहेत. एक पुढे, एक मागे, दोन्ही सारखीच हलकी. मी कडी वाजवली. पावलं थांबली. एक आधी थांबलं. दुसरं, एक पाऊल चालून, मग थांबलं.

दार नुसतं लोटलेलं होतं. आत वहिनी एकट्या. हात कोपरापर्यंत पुडीने राखाडी, पाय अनवाणी. त्यांनी आरसा उचलून खिडकीपाशी नेला आणि एक डोळा मिटून काचेवर कुठे ओरखडा राहिलाय का ते बघायला लागल्या. मी त्यांच्यासमोर जाऊन उभा राहिलो. खूप काही बोलायचं ठरवून आलो होतो. शेवटी एवढंच विचारलं, "वहिनी, त्या दिवशी गच्चीवर यशा ओरडला... ते तुम्ही ऐकलंत ना?"

"ऐकलं," वहिनी म्हणाल्या. "भावजी, सरका जरा. उजेडात उभे आहात."